अ‍ॅलिसन बेक्डेल: पंधरवड्याच्या पट्टीपासून 'फन होम'पर्यंत, कारकीर्द आणि कामाची रीत

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

आत्मचरित्रात्मक कॉमिक्सचा विषय निघाला की गाडी 'माउस' आणि 'पर्सेपोलिस' या दोन गाजलेल्या चित्रपुस्तकांच्या पुढे सरकत नाही. अ‍ॅलिसन बेक्डेल बहुतेकांना माहीत असते ती सिनेमाच्या 'बेक्डेल टेस्ट'मुळे (निदान दोन बायका पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर एकमेकींशी बोलतात का, ही कसोटी), म्हणजे तिच्या १९८५ च्या एका पट्टीतल्या (कॉमिक स्ट्रिप) विनोदामुळे. ती कल्पनाही मैत्रिणीची, आणि तसं श्रेय पट्टीतच दिलेलं आहे. चाळीस वर्षांच्या कामातली ही सगळ्यात किरकोळ गोष्ट. म्हणून हा धागा उरलेल्या कामाबद्दल: पानं कशी बनतात, घर कशावर चाललं, कुठे अडतं.

आधी टप्पे. जन्म १९६०, बालपण पेनसिल्व्हेनियातल्या बीच क्रीक गावात. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घराण्याचं फ्युनरल होम (अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यवसाय) सांभाळायचे. ती ओबर्लिन कॉलेजात होती तेव्हा तिने घरी पत्र लिहून आपण समलिंगी असल्याचं कळवलं. त्या पाठोपाठ आईकडून समजलं की वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते. काही महिन्यांत, १९८० मध्ये, वडील ब्रेडच्या ट्रकखाली गेले. अपघात की आत्महत्या, हा प्रश्न 'फन होम' हे तिचं वडिलांबद्दलचं चित्रमय आत्मचरित्र शेवटपर्यंत उलटून-पालटून बघतं, निकाल देत नाही.

१९८१ ला पदवी. पुढच्या कलाशिक्षणासाठी केलेले अर्ज नामंजूर. मग न्यूयॉर्कमध्ये प्रकाशन व्यवसायातल्या कारकुनी छापाच्या नोकऱ्या. १९८३ मध्ये 'वुमन्यूज' या वृत्तपत्रात 'डाइक्स टू वॉच आउट फॉर' या समलिंगी स्त्रियांवरच्या मालिकेचं पहिलं चित्र छापून आलं. सुरुवातीला सुटी चित्रं, नंतर पट्टी, १९८७ पासून ठरलेली पात्रं, आणि मालिका २००८ पर्यंत चालली. १९९० पासून पूर्णवेळ हेच काम. 'फन होम' २००६ चं, 'आर यू माय मदर?' २०१२ चं, 'द सीक्रेट टू सुपरह्यूमन स्ट्रेंग्थ' २०२१ चं आणि 'स्पेंट' २०२५ चं.

माझं म्हणणं एवढंच की 'फन होम' आभाळातून पडलेलं नाही. नुसत्या त्या पुस्तकावर सात वर्षं गेली, आणि त्याआधी दर पंधरवड्याला एक पट्टी वेळेवर पोचवण्याची सवय होती. 'स्वतःबद्दल लिहायचंय, मन मोकळं करायचंय' एवढ्या भांडवलावर असं पुस्तक होत नाही.

बोरूबहाद्दर

पैशांचं गणित जरा उलगडतो, कारण नवे चित्रकार तिथेच फसतात.

अमेरिकेत पट्टीकाराचे दोन मार्ग होते. एक, सिंडिकेट: ती संस्था पट्टी शेकडो दैनिकांना विकते, साधारण निम्मं उत्पन्न ठेवते, आणि जुन्या करारांत तर पात्रांचे हक्कही बहुधा तिच्याचकडे जायचे. दोन, स्वतःच विकणं. बेक्डेलच्या विषयाला मोठ्या सिंडिकेटचं दार उघडणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिने पट्टी समलिंगी समाजाच्या आणि स्त्रीवादी नियतकालिकांना स्वतः पाठवली. एकेका अंकाचं मानधन अगदी तुटपुंजं. पण ग्राहक बरेच, आणि मुख्य म्हणजे हक्क तिचे. म्हणून १९८६ पासून फायरब्रँड बुक्स या छोट्या प्रकाशनाकडून संग्रह निघत गेले. एकच चित्र तीनदा कमवायचं: नियतकालिकात, संग्रहात, कॅलेंडरवर.

या पद्धतीत गोची अशी की सगळे ग्राहक एकाच प्रकारचे. स्त्रीवादी पुस्तकांची दुकानं आणि छोटी साप्ताहिकं एकामागून एक बंद पडायला लागली तसा पट्टीचा आधारही खचला. 'फन होम' मोठ्या प्रकाशनाकडे, हॉटन मिफ्लिनकडे, गेलं ते याच काळात. 'टाइम'ने २००६ चं सर्वोत्कृष्ट पुस्तक ठरवलं, २००७ ला आयझ्नर हा कॉमिक्सचा पुरस्कार मिळाला, २०१२ ला गुगनहाइम फेलोशिप, २०१४ ला मॅकआर्थर फेलोशिप (पाच वर्षांत मिळून ६,२५,००० डॉलर), २०१५ मध्ये पुस्तकावरच्या ब्रॉडवे संगीतिकेला पाच टोनी नाट्यपुरस्कार. वाचताना मजा वाटते, पण यातलं पहिलं मोठं यश आलं तेव्हा ती पंचेचाळिशीत होती.

ज्यांना आज हे करायचंय त्यांनी एक वही ठेवावी: कोणती पट्टी, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणते हक्क (एकदाच छापण्याचे की संग्रहाचेही), बिल कधी, पैसे कधी. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' ही ओळ बिनबोभाट सही करून दिली, की दहा वर्षांनी स्वतःचाच संग्रह काढता येत नाही.

माजघर

वाचनखूण साठवली. एक शंका: ती आधी लिहिते की आधी चित्र काढते? पट्टीकार तर चित्रातच विचार करतात म्हणे.

तिरपी_रेघ

आधी लिहिते, पण वर्ड फाइलीत नाही. चित्रं काढायच्या संगणक-प्रोग्राममध्ये पानाच्या मापाच्या चौकटी पाडायच्या आणि त्या चौकटींतच निवेदन आणि संवाद टाइप करायचे. चित्राच्या जागी रिकामी जागा, फार तर दोन शब्दांची नोंद. अख्खं प्रकरण या अवस्थेत पुन्हा पुन्हा लिहून होतं. मजकूर पहिल्या दिवसापासून खऱ्या आकारात समोर असल्याने लांबलेलं वाक्य लगेच डोळ्यांत खुपतं, कारण ते चित्राची जागा खातं.

हे जमतं कारण तिच्या अक्षराचा संगणकीय फाँट बनवलेला आहे. मजकूर अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत बदलता येतो. हाताने अक्षरं काढणाऱ्याला एक शब्द बदलायचा तर चिकटपट्टी, पांढरा रंग आणि शिव्या.

मजकुराचं प्रमाण ठरवताना ढोबळ अंदाज: एका चौकटीत २५ ते ३० शब्दांच्या वर गेलं की वाचक चित्र बघणं सोडतो. बेक्डेल हा नियम सर्रास मोडते, पण ती निवेदन चौकटीच्या वर, बाहेरच्या पट्टीत ठेवते आणि आत संवाद वेगळाच चालू असतो. वर थंड डोक्याचा अभ्यासक बोलतोय, खाली घरात भांडी आपटतायत. दोन्ही एकच सांगत असतील तर त्यातलं एक कापा.

खडूस_वाचक

पुस्तक चांगलं आहे, वाद नाही. पण माणसं ताठ वाटतात. ती म्हणे प्रत्येक पात्राच्या जागी स्वतः उभी राहून फोटो काढते आणि त्यावरून चित्र काढते. बाप, आई, भाऊ, सगळे हीच! फोटोवरून उतरवलं की रेषेतला जीव जातो, हे कुठलाही रेखाचित्रवाला सांगेल.

शाईतले बोट

फोटोवरून उतरवणं आणि फोटोचा आधार घेणं यात फरक आहे. ताठरपणाची कारणं बहुतेक वेळा तांत्रिक असतात.

पहिलं कारण कॅमेरा. मोबाइल हातभर अंतरावर ठेवून फोटो काढला की रुंद भिंगामुळे नाक आणि पुढचा हात मोठा होतो, पाय आखूड होतात. अडीच-तीन मीटर मागे जा, दुप्पट झूम घ्या, कॅमेरा त्या चौकटीत 'बघणाऱ्या'च्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. लहान मूल बघत असेल तर कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर. हे विसरलं की मुलाच्या नजरेतला बाप उंच दिसतच नाही.

दुसरं, टायमर. दहा सेकंदांचा टायमर लावून उभं राहिलं की माणूस सातव्या सेकंदाला गोठतो. सलग फोटोंचा पर्याय वापरावा आणि हालचाल खरोखर करावी: खुर्ची ओढा, खरकटं ताट उचला. मग मधलाच एखादा फोटो निवडा.

तिसरं, थेट फोटोवर ट्रेसिंग. बेक्डेलच्या रीतीत फोटो आणि अंतिम रेघ यांच्यामध्ये कच्च्या चित्रांचे दोन-तीन थर असतात. प्रत्येक थर लाइटबॉक्सवर (खालून दिवा असलेली काच) आधीच्या थरावरून सुधारून घ्यायचा. फोटोतला तपशील गाळत जायचं, शरीराचा कल ठेवायचा.

आणि तुम्ही ज्याला ताठरपणा म्हणता तो या पुस्तकात मुद्दाम आहे, असं माझं मत. वडिलांना घर संग्रहालयासारखं मांडून ठेवायची हौस, आणि त्या घरातली माणसंही मांडून ठेवल्यासारखीच दिसतात. तिच्या पट्टीतली पात्रं बघा, तिथे खांदे, कोपर, चेहरे सगळं सैल आहे. हात तोच.

खडूस_वाचक

पट्टीचा मुद्दा मान्य. घराचा मुद्दा वकिली वाटतो.

प्रूफवाला

छपाईच्या बाजूने थोडं. 'फन होम'चं पान म्हणजे काळी रेघ आणि त्याला निळसर-हिरवट वॉशची (पाण्याने पातळ केलेल्या शाईची छटा) जोड. हे एका कागदावर केलेलं नाही. रेघ एका कागदावर, वॉश दुसऱ्यावर, आणि जोडणी संगणकावर. अशी उठाठेव का, ते सांगतो.

रेघ आणि छटा एकाच कागदावर असल्या की स्कॅन ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांत, करावा लागतो. छापताना ग्रेस्केलचे बारीक ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यांत रेघेची आणि अक्षराची कडही चिरफाळते. भिंगातून बघितलं तर अक्षराला लव आल्यासारखी दिसते. रेघ वेगळी असेल तर ती १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन होते, ठिपका नाही, कड सुरीसारखी. वॉशला ३०० डीपीआय ग्रेस्केल पुरतं.

घरी करायचं तर क्रम असा:

१. मूळ चित्र छपाईच्या दीडपट. १५ सेंमी रुंद पान छापायचं असेल तर २२.५ सेंमीवर काढा. ०.३ मिमीची रेघ छापताना ०.२ होते. छापील ०.१ मिमीच्या खाली गेलात तर रेघ तुटक येते किंवा गायब होते.

२. रेघेसाठी गुळगुळीत ब्रिस्टॉल कागद, शाई वॉटरप्रूफ. खरखरीत कागदावर निब अडकतं आणि रेघेला काटे फुटतात.

३. चारही कोपऱ्यांत, चौकटीच्या बाहेर, अधिकच्या आकाराच्या खुणा. त्याच खुणा लाइटबॉक्सवरून वॉशच्या कागदावर.

४. वॉशसाठी जलरंगाचा ३०० जीएसएम कागद. इतका जाड कागद दिव्यावर अंधूक दिसतो, तेव्हा खोलीतला उजेड बंद करा. चारही कडा पाटाला कागदी टेपने चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका.

५. छटा आधीच कालवून ठेवा: तीन वाट्या, फिकट, मधली, गडद. प्रत्येक पानाला नव्याने कालवलं तर पान ४० आणि पान ४१ वेगवेगळ्या दिवशी धुतलेल्या चादरींसारखी दिसतात.

६. जोडताना रेघेचा थर वर, 'मल्टिप्लाय'वर (खालची छटा दिसू देणारी सोय). वॉशचा थर खाली.

हमखास बिघडतं ते पाचव्या-सहाव्याच्या मध्ये. पाणी पिऊन कागद फुगतो आणि वाळल्यावर मूळ मापाला परत येतोच असं नाही. कोपऱ्याच्या खुणांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडतो. एक कोपरा जुळवला की समोरचा सुटतो. अशा वेळी पानाचा मध्य जुळवा आणि चूक चारी बाजूंना वाटून टाका. चेहऱ्याची छटा रेघेबाहेर सांडली तर डोळ्याला लगेच दिसते, भिंतीची सांडली तर कोणी बघत नाही.

आणि काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, चारही रंगांच्या मिश्रणात कधीच नाही. छपाईची प्लेट केसभर हलली तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते.

शाईतले बोट

पट्टीच्या काळातलं एक बंधनही इथे जोडतो. ती छापली जायची स्वस्त वर्तमानपत्री कागदावर. त्यावर शाई पसरते, आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीतली फट बारीक असेल तर ती बुजून काळा ठिपका होतो. असल्या कागदासाठी काढताना फट छापील मापाला निदान ०.३ मिमी तरी हवी. वर्षानुवर्षं या कागदासाठी काढलेल्या हाताला सपाट काळ्याची आणि मोकळ्या पांढऱ्याची शिस्त लागते. 'फन होम'मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी घरच्या अल्बममधला एकेक फोटो आहे, तो बारीक जाळीने काढलेला. आतली पानं मात्र स्वच्छ रेघेची. पान उलटताच कळतं की हा पुरावा आणि ही गोष्ट.

कागदपत्रे

पुराव्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. या पुस्तकात पत्रं, नकाशे, शब्दकोशाची पानं, डायरी, सगळं हाताने पुन्हा काढलेलं आहे. स्कॅन चिकटवलेला नाही. वडिलांचं अक्षर तिने वडिलांच्या वळणाने गिरवलंय. एक नकाशा आहे: वडील जन्मले ते शेत, राहिले ते घर, मेले ती जागा आणि कबर, सगळं दीड मैल व्यासाच्या एका वर्तुळात. हे निवेदनात सांगितलं असतं तर एक वाक्य झालं असतं आणि विसरलंही गेलं असतं.

डायरीचा भाग तर नीट थांबून बघावा. दहा वर्षांची असताना तिने डायरी सुरू केली, पहिले तीन शब्द वडिलांच्या अक्षरात आहेत. थोड्याच दिवसांत प्रत्येक वाक्यामागे बारीक अक्षरात 'मला वाटतं' येऊ लागतं, कारण आपण लिहिलेलं खरं आहे याची त्या मुलीला खात्री नाही. पुढे ते लिहायचा कंटाळा म्हणून त्याची एक वक्र खूण होते, आणि मग ती खूण शब्दांवर, माणसांच्या नावांवर, शेवटी अख्ख्या नोंदीवर आडवी मारलेली. बेक्डेल ती पानं जशीच्या तशी काढते. आत्मचरित्रकाराला स्वतःच्या आठवणीवर किती विश्वास ठेवायचा, याचं उत्तर दहा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात मिळतं.

दुसरा पुरावा पुस्तकाच्या मधोमध, दोन पानभर. मुलांना सांभाळायला येणाऱ्या तरुणाचा वडिलांनी काढलेला फोटो, तो धरलेला हात जवळपास खऱ्या मापाचा. फोटोच्या किनारीवरचं साल वडिलांनी खोडलंय आणि महिना तसाच ठेवलाय. वाचकाचा अंगठा त्या चित्रातल्या अंगठ्याशेजारीच येतो.

आपल्याकडे असं काही करायचं असेल तर दोन कायदेशीर गोष्टी. तुम्हाला आलेलं पत्र हा कागद तुमचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा (भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं). काकांचं पत्र अख्खं छापायचं तर चुलत भावंडांची लेखी परवानगी लागेल. दुसरं, बदनामी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे मृत व्यक्तीबद्दलचं लिखाणही बदनामी ठरू शकतं, जर ते हयात असताना त्याच्या लौकिकाला बाधा आणणारं ठरलं असतं आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. 'ते तर गेले, आता काय' असं नसतं.

माजघर

घरच्यांचं काय झालं पण? आई हयात होती ना?

कागदपत्रे

होती, २०१३ पर्यंत. तिने माहिती दिली, पण पुस्तक तिला रुचलं नव्हतं. दुसरं पुस्तक याच अवघडलेपणावर आहे. 'आर यू माय मदर?'मध्ये मुलगी आईशी फोनवर बोलता बोलता आईचे शब्द टाइप करत असते, आणि हे करणं योग्य की अयोग्य तेही पानावरच चालू असतं. प्रत्येक प्रकरण एका स्वप्नाने सुरू होतं, जोडीला मनोविश्लेषक विनिकॉट आणि व्हर्जिनिया वुल्फ. वॉश इथे लालसर. पहिल्यापेक्षा वाचायला जड, कारण पहिल्या पुस्तकात गोष्ट संपलेली होती, इथे ती चालू आहे आणि समोरच्या बाईला उत्तर देता येतं.

बाहेरून त्रास झाला तो वेगळाच. मिसुरीतल्या मार्शल गावच्या वाचनालयातून २००६ मध्ये 'फन होम' काढलं, पुढच्या वर्षी परत ठेवलं. साउथ कॅरोलायनात एका कॉलेजने ते नव्या विद्यार्थ्यांना वाचायला दिलं, म्हणून २०१४ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात त्या कॉलेजचे ५२,००० डॉलर कापायचा प्रस्ताव मंजूर झाला. चित्र असल्यामुळेच. तेवढाच मजकूर नुसत्या अक्षरांत असता तर कोणी पान १०० पर्यंत पोचलं नसतं.

अनुस्वार

फाँटचा मुद्दा वर सहज येऊन गेला, पण मराठीत हे करणाऱ्याने सावध राहावं. रोमन लिपीत कॉमिक्सचं अक्षर बहुधा नुसत्या कॅपिटलचं. २६ अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, आणि हाताने लिहिल्यासारखं वाटावं म्हणून एकेका अक्षराची दुसरी तऱ्हा. संध्याकाळपर्यंत काम होतं.

देवनागरीत मुळाक्षरं, त्यांची अर्धी रूपं, मात्रा, रफार, आणि क्ष, ज्ञ, द्ध, द्व, ह्य, श्र, ट्ट अशी जोडाक्षरं. बरा मराठी मजकूर धकवायचा तर काहीशे आकार लागतात. शिवाय वेलांटीची लांबी अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलावी लागते, नाहीतर 'णि'ची वेलांटी अर्ध्यात संपते आणि 'रि'ची पलीकडे लोंबते. मराठी ल आणि श मराठी वळणाचेच काढा, हिंदी वळणाचे आले की 'लग्न' आणि 'शाळा' परक्या वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ उकार, 'रु', 'हृ' वेगळे तपासा. आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' विसरलात तर 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच होतील.

ओळींतलं अंतर हा दुसरा सापळा. रोमन कॅपिटलला वर-खाली काही नसतं, म्हणून १० पॉइंटला ११-१२ पॉइंटचं अंतर चालतं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-अनुस्वार भिडतात. १० पॉइंटला १४-१५ धरा. म्हणजे इंग्रजीत पाच ओळी मावतात त्या संवादाच्या फुग्यात आपल्या चारच. फुगा चित्र पूर्ण झाल्यावर काढणाऱ्याच्या नायकाचं कपाळ हमखास झाकलं जातं.

हाताने लिहायचं असेल तर शिरोरेषा आधी पट्टीने मारू नका. शब्द लिहून मग शब्दापुरती मोकळ्या हाताने मारा. अखंड शिरोरेषेखाली अक्षरं टांगली की फुगा दुकानाच्या पाटीसारखा दिसतो.

खडूस_वाचक

अनुस्वार यांचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव, इथे गाडला जाईल.

एक प्रश्न उरतो. एकाच आयुष्यावर किती पुस्तकं? बाप झाला, आई झाली, तिसऱ्यात व्यायाम. विहीर आटत नाही का?

तिरपी_रेघ

आटते, आणि ते तिच्या क्रमातच दिसतं. तिसऱ्या पुस्तकात व्यायामाचं वेड हे निमित्त आहे. दशकागणिक एक प्रकरण, जोडीला इंग्रज कवी वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण, शिवाय अमेरिकी लेखक केरुअ‍ॅक. पहिल्यांदाच पूर्ण रंगीत, रंगकाम जोडीदार हॉली रे टेलर यांचं. एकट्याने सात वर्षं घालवण्याची रीत तिथे सुटलेली दिसते.

चौथ्या 'स्पेंट'वर 'कॉमिक नॉव्हेल' असं छापलंय. नायिकेचं नाव अ‍ॅलिसन, व्हरमाँटमध्ये बुटक्या शेळ्या पाळते, आणि १९८७ पासूनच्या पट्टीतली पात्रं आता म्हातारी होऊन शेजारी वावरतात. खरं किती, रचलेलं किती, हे सांगायची जबाबदारी तिने या खेपेला घेतलेलीच नाही. आणि रेघ पुन्हा पट्टीतल्यासारखी सैल झालीय, तेव्हा तुमची ताठरपणाची तक्रार असेल तर हेच आधी वाचा.

माजघर

नव्या वाचकाने क्रम काय ठेवावा?

बोरूबहाद्दर

'फन होम', मग पट्टीचा २००८ चा निवडक संग्रह, मग 'स्पेंट'. पट्टी न वाचता 'स्पेंट' घेतलं तर निम्मे विनोद डोक्यावरून जातील. आईचं पुस्तक त्यानंतर, आणि सलग नको, एका वेळी एकच प्रकरण.

प्रूफवाला

माझ्या यादीत एक राहिलं: रेघेचा आणि वॉशचा कागद स्कॅनरवर एकाच दिशेने ठेवा. काच सरळ वाटली तरी बऱ्याच घरगुती स्कॅनरांत लांबीच्या दिशेने माप किंचित ताणलं जातं. एक पान उभं आणि दुसरं आडवं स्कॅन केलं की खुणा कधीच जुळत नाहीत आणि दोष उगाच कागदाला मिळतो.